दहा मीटरवरचा वारा

निदान हिमालय तरी बघून आल्याशिवाय माणसानं प्रवासवर्णन लिहू नये, अशी माझी समजूत होती. मी गेले ती नागपुरातल्या नंदनवन भागातल्या माझ्या घरापासून दोन एसटी बदलून, सावनेरच्या थोडं पलीकडे, तीन दिवस. एवढ्याशा अंतराला प्रवास म्हणायचं की नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. गावाचं नाव देत नाही. त्या गावातल्या एका माणसाचं नाव माझ्यामुळे पुरेसं खराब झालं होतं, आता गावाचं तरी राहू द्यावं. लिहिते आहे ते एवढ्यासाठी की, त्या गावाचा वारा मी चार वर्षं मोजत होते आणि गाव मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

आधी माझं काम सांगते. जमिनीलगत वारा रेंगाळतो, कारण त्याला झाडं, घरं, बांध, उभं पीक अशा शंभर गोष्टी अडवतात. जसजसं वर जावं तसतसा तो मोकळा होतो आणि पळायला लागतो. किती उंचीला किती पळतो, याचं एक गणित असतं. गावाबाहेर आमच्या कंपनीनं ऐंशी मीटरचा लोखंडी मनोरा उभा केला होता. त्यावर दहा, तीस, पन्नास आणि ऐंशी मीटरवर वारा मोजणारी यंत्रं होती. प्रत्येकाला तीन वाट्या असतात, वारा आला की त्या फिरतात. या चार आकड्यांवरून एकशेवीस मीटरवर, म्हणजे उद्या पवनचक्की उभी राहिली तर तिच्या पात्यांपाशी, वारा किती असेल हे मी रामदासपेठेतल्या वातानुकूलित खोलीत बसून काढायचं. जिथे कोणी मोजलेलंच नाही तिथला वारा सांगायचा, असा हा धंदा आहे. त्यात मी हुशार समजली जाते आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

घोटाळा झाला तो दहा मीटरच्या यंत्रात. दर उन्हाळ्यात ते वरच्या यंत्रांच्या मानानं फार कमी वारा दाखवायचं आणि दरवर्षी हा फरक वाढत चालला होता. वाट्यांच्या आत धूळ गेली, वंगण सुकलं की असं होतं. मी अहवालात एक वाक्य लिहिलं, ‘तळच्या यंत्राची देखभाल नियमित झालेली दिसत नाही.’ मी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. पण त्या मनोऱ्यावर दर महिन्याला चढणारा माणूस एकच होता, त्याच गावातला गुलाबराव. कार्यालयानं त्यांना पत्र पाठवलं, कामात हयगय केल्याबद्दल काम बंद, आठ दिवसांत खुलासा द्या, आणि देखभाल केली की नाही एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्या.

खुलासा चार ओळींचा आला. ‘मी दर महिन्याला चढलो. वाट्या हाताने फिरवून पाहिल्या. कान लावून पाहिले. यंत्रात खोट नाही.’

‘कान लावून पाहिले’ यावर आमच्याकडे दोन दिवस हसणं चाललं होतं. मीही हसले. तिसऱ्या दिवशी मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. अंतिम अहवाल सोमवारी द्यायचा होता. तो गेला की गुलाबरावांचं काम कायमचं जाणार होतं, आणि या धंद्यात अशा माणसाला दुसरा कुणी मनोऱ्यावर चढू देत नाही. मी शुक्रवारी रजा टाकली आणि निघाले.

शुक्रवार, मनोऱ्यापाशी

एप्रिल संपत आला होता. एसटीतून उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नागपूरच्या उन्हाची मला सवय आहे, असं मी सगळ्यांना सांगत असते. पण शहरात आपण कूलरपासून कूलरपर्यंत चालतो. इथे मनोऱ्यापर्यंतचा रस्ता नांगरलेल्या काळ्या शेतांमधून होता आणि अर्ध्यातच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेलं अंतर मी एक पाय फरफटत गेले.

मनोऱ्याच्या कुंपणाबाहेर पळसाच्या सावलीत एक माणूस बसला होता. पंचेचाळिशीचा, काटक, डोक्याला दुपट्टा बांधलेला. मी येणार हे फोनवर कळवलं होतं. त्यांनी नमस्कार केला, माझ्या चपलेकडे पाहिलं, काही न बोलता खिशातून तारेचा तुकडा काढला आणि चप्पल जोडून दिली.

“गुलाबराव, दहा मीटरचं यंत्र खाली काढून बघता येईल?” मी विचारलं.

“येते ना. पण मले चढाची मनाई हाये. तुमच्याच कागदात लिहून हाये.”

“मी सांगते आहे ना.”

“तोंडी सांगितल्यानं मी चढत नाई, मॅडम. उद्या काही झालं त कोण म्हणन का मॅडमनं सांगितलं होतं?”

त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी कुंपणाभोवती एक चक्कर मारली, वर बघून बघून मान दुखवून घेतली. वारा पडलेला होता, वाट्या जागच्या जागी थिजल्या होत्या. काहीच कळलं नाही. तोवर शेवटची गाडी गेली होती, हे मला एका गुराख्यानं मोठ्या समाधानानं सांगितलं.

“घरी चला,” गुलाबराव म्हणाले. “माय हाये, बायको माहेरी गेली हाये. तुमची सोय होईन.” मग थोडं थांबून म्हणाले, “मायले सांगू नका तो कागद कोणं लिहिला. पाहुण्याले ती जेवाले घालतेच, पण मग तिले घास उतरणार नाई.”

त्यांच्या आई पार्बताबाई सत्तरीच्या, बुटक्या, पायात जाड चांदीचे वाळे. त्यांनी आधी कैरीचं पन्हं दिलं, मग दिवे लागायच्या वेळेला जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा, वर कच्चं तेल आणि ओंजळभर चिरलेला सांबार. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगते. माझ्याकडे पातोडी वर्षातून एकदा होते आणि तीही हात राखून तिखट घालून. इथल्या पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पार्बताबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या.

“तुमी हापिसातल्या हाय ना बाई? मंग सांगा, माया पोरानं काहून असं केलं असन?”

“काय केलं?”

“कामात हयगय केली म्हणते कागदात. पोरगं म्हणते, मी नाई केली. आता कागदात का कोणी खोटं लिहीन?” त्या भाकरीवरचं पीठ झटकत होत्या. “याचा बाप पोस्टात होता वं. डाक वाटे. तो म्हणे, लिहिलेल्याले मान द्या लागते. मंग मी कोनाचं खरं समजू?”

गुलाबराव दाराकडे तोंड करून जेवत होते. या माणसाला गावानं काय म्हटलं, धंद्यानं काय म्हटलं, हे नंतरचं. त्याच्या आईनंच त्याच्यावर विश्वास ठेवायचा सोडला होता आणि ते माझ्या एका ओळीमुळे. मला तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. घाबरले, दुसरं कारण नाही. भाकरी फार छान झाली आहे, असं काहीतरी बोलले.

शनिवार, पश्चिमेचं कुंपण

सकाळी लवकर मनोऱ्यापाशी गेलो. पश्चिमेचा वारा सुटला होता. वरच्या वाट्या भिंगरीसारख्या फिरत होत्या, तळच्या मात्र आळसावल्यासारख्या. मी पायथ्याशी असलेल्या नोंदीच्या पेटीला लॅपटॉप जोडला आणि काल जे पाहूनही दिसलं नव्हतं ते पाहत उभी राहिले.

कुंपणाच्या पश्चिम बाजूला पऱ्हाट्यांचे ढीग होते. कापसाची शेवटची वेचणी झाली की उलंगवाडी होते, म्हणजे हंगाम संपतो, मग झाडं उपटून वाळवतात. ती पऱ्हाटी, चुलीचं जळण. एकाला लागून एक असे पंधरा-वीस ढीग, दोन पुरुष उंच, कुंपणाच्या पूर्ण लांबीभर भिंतीसारखे रचलेले. काल मी त्यांच्याच सावलीतून गेले होते.

“हे इथे का?”

“मांगं एका घराची पऱ्हाटी पेटली होती. घराले लागूनच रचली होती. दोन म्हशी गेल्या,” गुलाबराव म्हणाले. “मंग गावानं ठरवलं, जळण गावात ठेवाचं नाई. मीच म्हटलं, टावरपाशी जागा साफ हाये, कुंपण हाये, ढोरं येत नाई. पयल्या वर्षी चार घरं आले. आता सारेच आणते.”

“कधी रचता?”

“फागुनात. पोळ्यापर्यंत सरते.”

मी लॅपटॉपवर आलेख उघडला. फाल्गुनात फरक सुरू होतो, पोळ्यापर्यंत ओसरतो आणि दरवर्षी वाढतो. माझ्या आलेखातली रेघ हुबेहूब हेच सांगत होती, आणि मी तिला सुकलेलं वंगण म्हटलं होतं.

मी तिथेच धुळीत बसले आणि चारही उन्हाळ्यांचे आकडे, मनोऱ्यावरच्या दिशादर्शकाच्या नोंदी बघून, वारा कुठून आला त्याप्रमाणे वेगळे केले. हे मी आधी केलं नव्हतं. दिशा वेगळ्या पाडल्या की प्रत्येक दिशेच्या वाट्याला आकडे थोडे येतात, गणित डळमळतं, म्हणून मी सगळ्या दिशा एकत्र कालवल्या होत्या आणि माझं गणित कसं सुटसुटीत आहे हे चार बैठकांत मिरवलं होतं. आता वेगळं केल्यावर दोन मिनिटांत उत्तर समोर आलं. पूर्वेचा वारा असताना तळचं यंत्र बिनचूक. दक्षिणेचा असताना बिनचूक. पश्चिमेचा असतानाच तेवढं कमी. वंगण सुकलं असतं तर ते पूर्व-पश्चिम बघून सुकलं नसतं. वारा भिंतीवर आपटून उसळतो, आणि भिंतीच्या दुप्पट-तिप्पट उंचीपर्यंत तिच्या मागे त्याचा जोर मोडतो. तळच्या वाट्या नेमक्या त्या पट्ट्यात होत्या.

“गुलाबराव, हे ढीग आहेत असं तुम्ही कळवलं का नाही?”

 ते घरी गेले आणि एक शाळकरी वही घेऊन आले. कार्यालयात पाठवायच्या प्रत्येक नोंदीची नक्कल त्यांनी वहीत ठेवली होती. पहिल्या वर्षीच्या पानांवर शेवटचा रकाना होता, ‘शेरा’. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘पश्चिमेस पऱ्हाटी रचली. चार ढीग. पुरुषभर.’ पुढच्या महिन्यात, ‘ढीग कमी झाले.’ दुसऱ्या वर्षापासून तो रकानाच नव्हता.

“मंग मोबाईलवर भराचं सुरू झालं. त्यात फक्त हो का नाई. वंगण केलं, हो. वाट्या फिरते, हो. पऱ्हाटी कुठी लिहू?”

मोबाईलवरचा तो नमुना मी तयार केला होता. शेरा मीच काढला होता. गणिताला आकडे लागतात, शब्दांचं काय करायचं, असं मी तेव्हा म्हणाले होते आणि ते सगळ्यांना पटलं होतं. पहिल्या वर्षीचे कागद कुठल्या तरी कपाटात बांधून पडले असणार. मी ते उघडूनही पाहिले नव्हते.

“ती ओळ मी लिहिली होती,” मी म्हणाले. “आणि हा रकानाही मीच काढला. चूक माझी आहे.”

गुलाबरावांनी वही मिटली. “मले वाटलंच होतं,” एवढंच बोलले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आकडे सांगत होते, तरी माझा एकदा हात पोळला होता. ढीग बाजूला करून पश्चिमेच्याच वाऱ्यात तळचं यंत्र सुधारलेलं डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे सोमवारी कुणी तोंड वर करून बोलणार नाही. पण वीस घरांचं जळण हलवायचं कुणी? गुलाबराव म्हणाले, “माया शब्दाले आता वजन नाई. तुमीच विचारा.”

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. चार वर्षं मी बैठकांत अस्खलित बोलते आहे, तिथे मात्र दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मी सांगितलं, गुलाबरावांनी काम चोख केलं, मी मोजायला चुकले, आणि ते सिद्ध करायला पऱ्हाटी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागेल.

 मग किसनाजी नावाचे म्हातारे म्हणाले, “गुलाब असा नाई, हे आमाले माईत होतं बाई. पण हापिसाचा कागद आला म्हटल्यावर आमी सारे चूप बसलो. चूक आमची बी हाये. सकाऊन हलवू.”

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. पार्बताबाईंनी ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेल्या. कालच्यासारख्या समोर बसल्या नाहीत.

रविवार, ऊन तापायच्या आत

उजाडताच गाव मनोऱ्यापाशी जमलं. तीन बैलगाड्या होत्या, बाकी सगळं डोक्यावर. बायका बघता बघता मोळ्या बांधत होत्या. मीही पदर खोचला. पऱ्हाटीला वाळलेल्या बोंडांची टरफलं लटकलेली असतात, त्यांची टोकं सुईसारखी लागतात. दुसऱ्या मोळीलाच माझे हात रक्ताळले. तिसऱ्या मोळीतून विंचू निघाला आणि मी अशी उडी मारली की दोन दिवसांत पहिल्यांदा गुलाबराव हसले.

पार्बताबाईही आल्या होत्या. त्या वयात त्या एकामागून एक मोळ्या नेत होत्या. मी दोनदा त्यांच्या शेजारून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही. “माय, तू बस ना,” तो म्हणाला, तर त्या ऐकल्यासारखंही न करता पुढे गेल्या.

दहाच्या सुमारास पश्चिम बाजू मोकळी झाली. मग वाट बघणं. पन्हं झालं, कांदा-भाकर झाली, लोक पांगले. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचा वारा आला. तळच्या वाट्या आधी थोड्या डुलल्या आणि मग फिरायला लागल्या, वरच्यांच्या मागोमाग, जशा फिरायला हव्यात तशा. मी पडद्यावर आकडे बघत होते. एका दुपारचा पुरावा म्हणजे फार नव्हे, हे मला कळतं. पण त्याच्या मागे चार वर्षांचे पूर्वेचे आणि दक्षिणेचे आकडे उभे होते. मी लॅपटॉप गुलाबरावांपुढे धरला.

त्यांनी पाहिलंही नाही. “मले काय दाखवता मॅडम? मी त्या वाट्याईले कान लावला होता. आत धूळ असली त करकर येते. काहीच येत नव्हतं.”

मी मान खाली घातली. आमच्या खोलीत ज्या वाक्यावर दोन दिवस हसू चाललं होतं, ती एक तपासणी होती आणि ती बरोबर होती.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी मी अहवाल बदलला आणि पहिल्याच पानावर माझ्या नावानं चूक लिहिली. साहेब बरंच बोलले, ते बोलायलाच हवं होतं. गुलाबरावांना त्यांचं काम परत मिळालं. पण माझ्यापुरता निकाल रविवारीच लागला, गाडीला अर्धा तास असताना, त्यांच्या ओसरीवर.

मी पार्बताबाईंपुढे जाऊन उभी राहिले. “तो कागद माझ्यामुळे आला होता. तुमच्या मुलानं काही चूक केली नाही. मला माफ करा.”

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातांवर ओरखडे होते, माझ्यासारखेच. “तोंडी नको बाई,” त्या म्हणाल्या. “मी माया पोराले खोटं समजली ते कागदापायी. आता कागदच द्या.”

गुलाबरावांनी वहीतलं एक कोरं पान फाडून दिलं. मी ओसरीवर बसून लिहिलं. पाच-सहाच वाक्यं होती, पण आजवर कुठल्या अहवालाला लागला नसेल एवढा वेळ लागला. खाली सही केली आणि पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि मुलाकडे दिलं.

“वाच.”

गुलाबराव वाचू लागले. “‘गुलाबराव यांनी दर महिन्याला यंत्राची तपासणी नीट केली. यंत्रात दोष नव्हता...’”  ते थांबले. “झालं माय. समजलं ना आता?”

“नाई झालं. पुढं वाच.”

“‘पऱ्हाटीची नोंद त्यांनी स्वतः केली होती. ती मी वाचली नाही. त्यांच्यावर ठेवलेला ठपका खोटा आहे. चूक माझी आहे.’”

पार्बताबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी उठले, तर त्यांनी हातानं मला बसायची खूण केली आणि मुलाकडे वळल्या.

“आजून दोन डाव वाच गा,” त्या म्हणाल्या. “तो हापिसाचा कागद मी तुयाकडून तीन डाव वाचून घेतला होता.”